कानोसा : चेस्टरनंतरचा आवाज

मागच्या अंकात लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडच्या ‘फ्रॉम झीरो’ या अल्बमबद्दल मी थोडंसं लिहिलं होतं आणि ‘ऐकून काय वाटलं ते कळवा’ अशी विनंती केली होती. पत्रांचा ढीग आला. मला त्याचं नवल वाटलं नाही. 2000 नंतरच्या पाच-सात वर्षांत सोलापुरात जे कोणी कॉलेजात होते, त्यांच्यापैकी एरवी इंग्रजी गाण्यांशी काही देणंघेणं नसलेल्या मुलांनाही या बँडची दोन-तीन गाणी तोंडपाठ असायची. हॉस्टेलच्या भिंतीवर पोस्टर, नवी पेठेतून आणलेली कॅसेट, पुढे कुणाकडून तरी कॉपी करून घेतलेली एमपीथ्रीची सीडी. त्या पिढीला आता चाळिशी लागली आहे, आणि तिची मुलं तोच बँड दुसऱ्याच आवाजात ऐकत मोठी होत आहेत.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गायक चेस्टर बेनिंग्टन 20 जुलै 2017 रोजी गेला. त्यानंतर बँड थांबला. सात वर्षांनी, सप्टेंबर 2024 मध्ये, नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग हिला घेऊन तो परत आला. ती आधी ‘डेड सारा’ या बँडमध्ये गायची. ड्रमवर कॉलिन ब्रिटन आला. माइक शिनोडा, ब्रॅड डेल्सन, जो हान आणि फीनिक्स हे जुनेच. ‘फ्रॉम झीरो’ 15 नोव्हेंबर 2024 ला निघाला. बँडचं अगदी पहिलं नाव ‘झीरो’ होतं, त्यावरून हे नाव.

पत्रं थोडी कापून छापते आहे. नावं कुणाचीच देत नाही.

प्रश्न : ताई, मी अशोक चौकात राहतो, आमचा टॉवेलचा कारखाना आहे. इंजिनिअरिंगला असताना ‘हायब्रिड थिअरी’ या त्यांच्या पहिल्या अल्बमची कॅसेट मित्राकडून आणली ती त्याला परत दिलीच नाही, अजून माझ्याकडे आहे. चेस्टर गेल्याची बातमी आली त्या रात्री कारखान्याच्या ऑफिसात एकटाच बसून सगळं पहिल्यापासून ऐकलं. आता नवा अल्बम आला म्हणून बायकोने गाडीत लावला. पहिलं गाणं बरं चाललं होतं. मग ती बाई गायला लागली आणि मी बंद केलं. ती वाईट गाते असं नाही. चांगली गाते, तोच त्रास आहे. बायको म्हणाली, अहो गाणंच आहे ते. पण मला खरंच विचारायचंय, हे मला आवडलं तर ती चेस्टरशी बेइमानी होईल का?

उत्तर : दादा, नाही होणार. पण तुम्ही बंद केलंत यातही काही चूक नाही.

तुम्ही कुठे बंद केलंत ते मला नेमकं कळलं. ‘द एम्प्टिनेस मशीन’मध्ये पहिलं कडवं माइक शिनोडा गातो, धृपदही तोच गातो. साधारण मिनिटभर आपल्याला ओळखीचाच आवाज ऐकू येतो. मग दुसरं कडवं एमिली घेते, आणि तेच धृपद ती वर उचलते. तिथे तुमचा हात बटणाकडे गेला. माझाही श्वास तिथे अडकला होता, पण मी पुढे ऐकलं.

आता या मांडणीकडे जरा बघा. जुन्या लिंकिन पार्कमध्ये माइक बहुतेक वेळा रॅप करायचा आणि धृपद चेस्टरचं असायचं. गाणं उघडायचं ते धृपदात, चेस्टरच्या गळ्यातून. परत येताना पहिल्याच गाण्यात माइकने धृपद आधी स्वतः गायलं. तो काही चेस्टरच्या तोडीचा गायक नाही, हे त्यालाही माहीत आहे. तरी ती जागा आधी त्याने घेतली आणि मग पुढे दिली. मला हे फार विचारपूर्वक केलेलं वाटतं. नव्या आवाजाची ओळख जुन्या माणसाने करून दिली, आणि चेस्टरची जागा आता अमक्याने भरली असं कुठेच म्हटलं नाही.

दुसरी गोष्ट, तिने चेस्टरचा आवाज काढलेला नाही. चेस्टरचा आवाज स्वच्छ, बारीक आणि वरच्या सुरात धार असलेला. तो ओरडायचा तेव्हा त्या स्वच्छ आवाजाचाच काठ फाटल्यासारखा वाटायचा, म्हणून आपल्याला ते इतकं लागायचं. एमिलीचा आवाज छातीतून येतो, मुळातच खरखरीत आहे, आणि ती शांत गाते तेव्हाही ती खरखर जात नाही. तुम्ही पुन्हा कधी ऐकणार असाल तर पहिल्या गाण्यापासून सुरुवात करू नका. पाचवं गाणं लावा, ‘ओव्हर ईच अदर’. ते ती एकटीच गाते. तिथे शेजारी दुसरं कुणी नसल्यामुळे तुलना करायला जागाच राहत नाही, आणि ती कोण आहे ते कळतं.

आपल्याकडे हे नवीन नाही. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकेत जी पदं अजरामर केली, ती पुढे कितीतरी स्त्रियांनी गायली. पुरुषाने स्त्री होऊन गायलेलं पद एखादी बाई स्वतःच्या गळ्याने गाते तेव्हा त्या पदाचं काय होतं, यावर आपल्या आज्या-पणज्यांनी रात्र-रात्र वाद घातले असतील. पदं टिकली, बालगंधर्वही टिकले.

आणि अजून एक. या बँडचे ऐकणारे पहिल्या दिवशी जे बोलले ते नेहमी टिकलंय असं नाही. 2010 मध्ये ‘अ थाउजंड सन्स’ आला तेव्हा किती जण म्हणाले होते की आमचा बँड संपला. आज त्याच अल्बमला बरेच लोक त्यांचं सगळ्यात धाडसी काम मानतात. मे 2017 मध्ये ‘वन मोअर लाइट’ आला तेव्हा तर फार कडवटपणे लिहिलं गेलं, फार पॉप झालेत, विकले गेलेत असं. दोन महिन्यांत चेस्टर गेला. त्यानंतर त्याच गाण्यांवर तीच माणसं रडली. म्हणून म्हणते, आज तुम्हाला ऐकवत नसेल तर ‘वन मोअर लाइट’च ऐका. ‘फ्रॉम झीरो’ कुठे पळून जात नाही. ती कॅसेट मात्र एखाद्या चांगल्या डेकवर वाजवून डिजिटल करून घ्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात टेपचं काही खरं नसतं.

प्रश्न : (हे पत्र पूर्व भागातल्या एका आजोबांचं आहे. नातवाने लिहून दिलं.) आमची घरची भाषा तेलुगू, मराठी बाजारातली. माझं आयुष्य मागावर गेलं, आता कान थोडे कमी आहेत. नातू मोठ्या स्पीकरवर ‘टू फेस्ड’ नावाचं गाणं लावतो. शब्द एक कळत नाही. पण मधे आवाज खाली येतो आणि मग सगळं एकदम चालू होतं, ते मला कळतं. बाणा तुटला की माग थांबतो, धागा सांधला, दांडा ओढला की पुन्हा सगळं एका दमात सुरू होतं. मला तसंच वाटतं. नातू हसतो. मी बरोबर ऐकतो का? आणि ती मधे मधे खरर् खरर् कशाची?

उत्तर : आजोबा, तुम्ही अगदी बरोबर ऐकता. नातवाला म्हणावं, हसू नकोस, आजोबांनी गाण्याचा सांगाडा ओळखला.

‘टू फेस्ड’मध्ये मधे एक जागा येते. तिथे ‘माझ्यावर ओरडणं थांबव’ अशा अर्थाची ओळ पुन्हा पुन्हा येते, ताण वाढत जातो, आणि मग गिटार, ड्रम, सगळं एकत्र कोसळतं. इंग्रजी येणाऱ्याला तिथे शब्द ऐकू येतात आणि न येणाऱ्याला ताण. माझ्या मते तुम्हाला जे ऐकू आलं ते जास्त महत्त्वाचं आहे.

ती खरर् खरर् म्हणजे जो हान याचं काम. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई ठेवून तबकडी हाताने पुढे-मागे करायची, आणि दुसऱ्या हाताने आवाजाची पट्टी उघडझाप करायची. त्यातून तो आवाज निघतो. याला स्क्रॅचिंग म्हणतात. या बँडच्या पहिल्या दोन अल्बममध्ये ते भरपूर होतं, नंतर बरंच कमी झालं. म्हणून जुने ऐकणारे या एका गाण्यावर तुटून पडले आहेत, ‘आमचे जुने दिवस परत आले’ म्हणतात. मला स्वतःला हे गाणं थोडं जास्तच मागे वळून पाहणारं वाटलं. 2000 सालची गिटार, 2000 सालची खरखर, सगळं हवं तिथे मांडून ठेवलेलं. पण तुम्हाला ते जुने दिवस माहीतच नाहीत, त्यामुळे तुम्ही ते कोऱ्या कानाने ऐकलंत. मला तुमचा हेवा वाटला.

ड्रमवाला नवा आहे. आधीचा रॉब बोर्डन परत आला नाही, त्याला आता यापासून लांब राहायचं होतं. नवा कॉलिन ब्रिटन वाजवतोही आणि ध्वनिमुद्रणाच्या कामातही त्याचा हात आहे. नातवाला सांगा, त्याच्या आधीचं ‘ओव्हरफ्लो’ लावून दाखव. ते संथ आहे. त्यात माग थांबत नाही, लांबून ऐकू येत राहतो. मला ते या अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं वाटतं.

प्रश्न : ताई, मी विजापूर रोडला राहतो, सेकंड इयरला हाय. ‘हेवी इज द क्राउन’ मला गेममुळं कळलं. त्यातली ती लांब किंकाळी! पोरं म्हणत्यात मशीनची हाय, माणसाला जमत नाय. काही जण घड्याळ लावून चेस्टरची किंकाळी आणि हिची किंकाळी मोजुलालेत. मी पंधरा दिवस झाले घरी प्रॅक्टिस करुलालोय. घसा पार बसलाय. आई म्हणती हळद घे. काय करू?

उत्तर : आधी घशाचं, मग गाण्याचं. आज, आत्ता, सराव बंद कर. कुजबुजत बोलू नकोस, त्यानेही ताण पडतो. साध्या आवाजात कमी बोल. पाणी भरपूर पी. हळद घेतलीस तर घे, आईचं मन राहील. पण आणखी आठवड्याभरात आवाज मोकळा झाला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा आणि मी असं असं ओरडत होतो हे त्यांना खरं सांग. लाजू नकोस. खोकताना किंवा थुंकीतून रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नकोस.

आता किंकाळी. ती माणसाचीच आहे. मुद्रित आवाजावर स्टुडिओत सगळेच थोडंफार काम करतात, पण दौऱ्यावर हजारो लोकांसमोर एमिली हे गाणं गाते आणि ती किंकाळीही देते. हे ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या व्हिडिओ गेमच्या 2024 च्या विश्वस्पर्धेचं गाणं होतं, म्हणून तुझ्यासारखी खूप मुलं गेमच्या वाटेने या बँडपर्यंत आली. ही किंकाळी पंधरा सेकंदांच्या आसपास आहे. चेस्टरची ‘गिव्हन अप’मधली, 2007 ची, 17 सेकंदांची. मोजणाऱ्यांना मोजू दे. तू ती किंकाळी गाण्यात कुठे आहे ते ऐक. शेवटच्या धृपदाआधी, सगळी उर्मी तिथे साठलेली असताना ती येते. दोन सेकंद कमी-जास्त झाल्याने काही बिघडत नाही. जागा चुकली असती तर गाणं पडलं असतं.

हे घशावर जोर देऊन होत नाही, म्हणूनच तुझा घसा बसला. आपले खरे स्वरतंतू असतात त्यांच्या जरा वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. हे शिकलेले गायक पोटातून हवा नियंत्रित सोडतात, गळा मोकळा ठेवतात आणि खरखर मुख्यतः त्या वरच्या जोडीतून काढतात. आवाज प्रत्यक्षात वाटतो तेवढा मोठा नसतोच, मायक्रोफोन तो मोठा करतो. तू मात्र मायक्रोफोनशिवाय, बंद खोलीत, मित्रांना ऐकू जावा म्हणून ओरडलास. हे पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ बघून करायचं काम नाही, समोर बसून कान देणारा शिक्षक लागतो. तोपर्यंत साधं गाणं शिक. खर्ज लाव. सकाळी पाच-दहा मिनिटं ‘सा’ स्थिर धर, श्वास कुठे संपतो ते बघ. सोलापुरात हे शिकवणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, आणि शास्त्रीयवाल्या गुरुजींना तू कशासाठी शिकतोयस हे सांगितलंस तरी ते हाकलून देणार नाहीत. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तर उलट, लाव ते गाणं, ऐकू दे म्हटलं होतं.

प्रश्न : जुळे सोलापूरमधून लिहिते. मुलगा दहावीत आहे. दिवसभर कानात हेडफोन, हाच अल्बम. मी मोबाइलवर शब्द शोधून वाचले. सगळा राग, सगळं कुणीतरी फसवलं, कुणीतरी वापरलं असं. पूर्वीच्या गायकाने आत्महत्या केली असंही वाचलं. मला भीती वाटते. हे बंद करायला लावू का?

उत्तर : ताई, तुम्ही शब्द शोधून वाचलेत, इथेच अर्धं काम झालं. बंद करायला लावू नका. बंद केलंत तर तो ऐकायचं सोडणार नाही, तुम्हाला सांगायचं सोडेल.

या अल्बममध्ये राग आहे, खरं आहे. पण तो राग बहुतेक ठिकाणी खोट्या आशेला भुलून स्वतःला हरवण्याबद्दल, दुतोंडी माणसांबद्दल, तुटणाऱ्या नात्यांबद्दल आहे. दहावीतल्या मुलाच्या मनात यातलं काय काय चाललेलं असतं! वर्गातलं राजकारण, क्लासची स्पर्धा, घरात सारखं ‘बोर्डाचं वर्ष आहे’. हे कुणीतरी मोठ्याने म्हणून टाकतंय, याने बहुतेक मुलांना मोकळं वाटतं. चेस्टरने लहानपणी फार सोसलं होतं आणि तो त्याबद्दल उघड बोलायचा. त्याच्या गाण्यांनी आम्हाला एकटं वाटू दिलं नाही, असं सांगणारी माणसं जगभर आहेत, आणि या पत्रांच्या ढिगातही आहेत. त्याच्या जाण्याचं दुःख त्या सगळ्यांना आहे. पण तो गेला ते या गाण्यांमुळे, आणि गाणी ऐकून मुलगाही त्या वाटेने जाईल, असा सरळ हिशोब मांडू नका.

एक करून बघा. रविवारी दुपारी त्याला म्हणा, तुझं आवडतं गाणं हॉलमधल्या स्पीकरवर लाव, मला ऐकायचंय. कोणतं लावतो ते बघा. शेवटचं ‘गुड थिंग्ज गो’ लावलं तर त्याला विचारा, हे का आवडतं. त्या गाण्यातला माणूस, मी स्वतःच जवळच्यांना दूर लोटतो, अशी कबुली देतो. उत्तर आलं नाही तरी चालेल. ऐकताना मधे बोलू नका आणि शब्दांवरून उपदेश तर अजिबात नको.

लक्ष ठेवायचं ते दुसरीकडे. झोप उडाली आहे का, जेवण कमी झालंय का, मित्र सुटले का, आधी आवडणाऱ्या गोष्टी सोडल्या का, ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोलतो का. यातलं काही दिसलं तर त्याला सरळ, न घाबरता विचारा. विचारल्याने ते विचार मनात येतात असं नाही. सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा आहे, नंबर 14416. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुमची भीती घेऊन तुम्ही स्वतःसुद्धा तिथे फोन करू शकता.

हेडफोनचा आवाज मात्र कमी करायला लावाच. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी 80 डेसिबलला आठवड्याला 40 तासांची मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी तेवढ्याच तासांना 75. हातभर अंतरावरून तुम्ही साध्या आवाजात हाक मारलीत आणि त्याला ऐकू आली नाही, तर आवाज जास्त आहे असं समजा. डॉल्बीच्या या शहरात कानांची आधीच पुष्कळ परीक्षा होते.

प्रश्न : अकरा गाणी आणि जेमतेम 32 मिनिटं. त्यातलं पहिलं तर गाणंसुद्धा नाही, नुसती छोटी प्रस्तावना. ही फसवणूक नाही का?

उत्तर : नाही. ‘हायब्रिड थिअरी’ आणि ‘मिटिओरा’ हे त्यांचे पहिले दोन अल्बमही 40 मिनिटांच्या आतलेच आहेत, तेव्हा कुणी तक्रार केली नव्हती. मला तर ‘स्टेन्ड’ काढून टाकून अल्बम आणखी छोटा केला असता तरी चाललं असतं. ते गाणं कानावरून निघून जातं, मागे काही ठेवत नाही.

प्रश्न : एमिलीबद्दल कोर्टाच्या प्रकरणाचं बरंच वाचलं. मी स्वतः एका प्रकरणात साक्ष दिलेली बाई आहे. मैत्रिणी म्हणतात, गाणं आणि माणूस वेगळं ठेव. मला जमत नाही. मी चुकते आहे का?

उत्तर : नाही, तुम्ही चुकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तिचं नाव जाहीर होताच जुन्या गोष्टी पुढे आल्या. लैंगिक अत्याचाराचे आरोप असलेल्या एका अभिनेत्याच्या सुनावणीला ती काही वर्षांपूर्वी हजर होती. पुढे तो दोषी ठरला. तिने निवेदन काढलं : ज्याला मित्र समजत होते त्याच्यासाठी सुरुवातीच्या एका सुनावणीला गेले, जायला नको होतं हे लवकरच कळलं, त्यानंतर त्याच्याशी बोललेले नाही, स्त्रियांवरच्या अत्याचाराचं मी समर्थन करत नाही. काहींना ते पुरलं, काहींना नाही. चेस्टरच्या मुलानेही बँडवर उघड नाराजी व्यक्त केली.

मी ते निवेदन वाचलं आणि अल्बम ऐकायचं ठरवलं. तो माझा निर्णय. पण कोर्टाच्या बाकावर कोण कुणाच्या बाजूला येऊन बसतं याचा अर्थ काय असतो, हे साक्ष दिलेल्या बाईला जेवढं कळतं तेवढं मला कळत नाही. ‘वेगळं ठेव’ हे ज्याला जमतं त्याने ठेवावं. ज्याला ते अंगावर येतं त्याला तसं सांगण्यात काही शहाणपणा नाही. तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून तुम्ही संगीताच्या कमी रसिक ठरत नाही. मैत्रिणींना हे उत्तर दाखवा.

प्रश्न : आमचा ऑर्केस्ट्रा आहे. लग्नं, गणपती, नवरात्र, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतले कार्यक्रम. मुख्य गायक पुण्याला गेला. त्याच्या जागी एक मुलगी घेतली. आवाज उत्तम. पण लोक मंडपातून जुन्याचं नाव घेऊन ओरडतात, ती गडबडते, वरच्या जागा चिरकतात. पोरं म्हणतात पुरुषच बघू. लिंकिन पार्कचं तुम्ही लिहिलंत म्हणून विचारतो, लोक नवा आवाज स्वीकारतात तरी का?

उत्तर : स्वीकारतात, पण बँडने आधी स्वीकारला असेल तर. 1980 मध्ये एसी/डीसी या रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत वारला आणि जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ निघाला. तो त्यांचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम ठरला. आपल्याकडे ‘इंडियन ओशन’चे असीम चक्रवर्ती डिसेंबर 2009 मध्ये वारले. त्यांचा आवाज आणि त्यांचा तबला म्हणजे त्या बँडची ओळख होती. तरी बाकीचे वाजवत राहिले, नवी माणसं घेतली, आणि आजही वाजवतात. यातल्या कुणीही नव्या माणसाला, जुन्यासारखं गा, म्हटलेलं दिसत नाही.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. वरच्या जागा चिरकतात म्हणता, म्हणजे तुम्ही पट्टी बदललेली नाही. तो काळी एक-दोनमध्ये, म्हणजे खालच्या पट्टीत गायचा आणि सगळा सेट तिथेच बसवलेला आहे, खरं ना? बाईचा गळा साधारण काळी चार-पाचच्या आसपास रमतो. जुन्या पट्टीत तिला एक तर खर्जात पुटपुटावं लागतं, नाही तर वरच्या सप्तकात ओरडावं लागतं. लोक तिला हसत नाहीत, तुमच्या पट्टीला हसतात. प्रत्येक गाण्याला तिला सोबत घेऊन बसा, तिला कुठे सहज जातं ते बघा, आणि गाण्याच्या यादीवर नव्या पट्ट्या लिहून काढा. कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोजचं बटण आहे, गिटारवाल्याला कॅपो (तारांवर लावायचा चिमटा) मिळतो. बासवाल्याला मात्र खरंच सराव करावा लागेल, त्याची कुरकुर ऐकून घ्या.

कार्यक्रमाची सुरुवात जुन्या गायकाच्या हुकमी गाण्याने करू नका. लोक तिथेच तुलना सुरू करतात. तिची दोन गाणी आधी होऊ द्यात, जी त्याने तुमच्याकडे कधी गायलीच नव्हती. त्याचं हुकमी गाणं मध्यंतरानंतर, तिच्या पट्टीत. आणि मंडपातून त्याचं नाव आलं, तर निवेदकाने ‘तो पुण्यात मजेत आहे, तुमचा नमस्कार कळवतो’ असं प्रेमाने सांगून पुढे जावं. त्याचं नाव दाबू नका. तो तुमचाच होता.

शेवटचं, तिच्यासमोर मॉनिटर स्पीकर आहे का? मंडपात बऱ्याचदा सगळे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात आणि गायिकेला फक्त पाठीमागचा ढोल-ऑक्टापॅड ऐकू येतो. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की कुणीही गळा ताणतं. एक छोटा मॉनिटर तिच्याकडे वळवून ठेवायला लावा, आणि साउंडवाल्याला ते कार्यक्रमाच्या वेळी नाही, आदल्या दिवशीच सांगा.